पुरस्कारानंतरच्या द्वारकाताई

सोमवारी सकाळी मी स्टाफरूममध्ये हजेरीपट काढत होते, तेव्हा सरिता दारात येऊन उभी राहिली. सरिता म्हणजे आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरातली मदतनीस. ती स्टाफरूममध्ये कधी येत नाही, काही हवं असलं तर खिडकीतून हाक मारते. त्या दिवशी ती थेट आत आली आणि म्हणाली, "बाई, किल्ली कुणाकडून घेऊ?" स्वयंपाकघराची किल्ली द्वारकाताईंकडे असायची, गेली एकोणीस वर्षं. मी म्हटलं, "का गं, ताई आल्या नाहीत अजून?" ती म्हणाली, "त्यांच्या पोराचा, मिलिंदचा फोन आलता. काल दुपारी गेल्या त्या... जेवून जरा पडल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत." आणि लगेच पुन्हा तेच, "किल्ली कुणाकडून घेऊ?" साडेतीनशे मुलांना बारा वाजता जेवण लागतं. शिपायानं कुलूप तोडलं. त्या दिवशीसुद्धा भात वेळेवर झाला.

आमची शाळा वाकोल्यातली, मराठी माध्यमाची. मागच्या बाजूला पत्र्याची एक लांबट शेड आहे, तेच स्वयंपाकघर. खिडकी एक, तीही कुंपणाच्या भिंतीकडे उघडणारी. पोषण आहाराचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा नियमाप्रमाणे मुलांच्या आधी अन्न चाखून वहीत सही करणं हेही माझ्याकडे आलं. त्यामुळे रोज सव्वाअकराला मी त्या शेडमध्ये स्टुलावर बसलेली असायची आणि द्वारकाताई माझ्या हातात ताटली द्यायच्या. आधी नुसतं "मीठ बरोबर हाय का?" एवढंच बोलणं. मग हळूहळू बाकीचं आलं. त्या मूळच्या बुलढाण्याकडच्या. नवऱ्याबरोबर मुंबईत आल्या, नवरा लवकर गेला, मिलिंदला एकटीनं वाढवलं. शाळेच्या मागच्याच वस्तीत खोली. इतकी वर्षं मुंबईत काढूनही मनातलं काही बोलायचं झालं की त्यांच्या तोंडी "मले", "तुले" यायचं.

मुलांच्या बाबतीत त्यांचं काहीतरी वेगळंच गणित असायचं. सोमवारी त्या तांदळाची दोन मापं जास्त टाकायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "रविवारी शाळा नसते ना, बाई." एकदा रांगेकडे बोट करून मला सांगितलं, "पुढं घुसतात ती घरून खाऊन आलेली असतात. ज्याच्या पोटात सकाळपासून काही नाही, तो मागं उभा राहतो. त्याला वाटतं, आपली घाई कुणाला दिसू नये." मी वीस वर्षं शिकवतेय. मला हे कधी दिसलं नव्हतं.

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, त्यांनी ताटली दिली आणि माझ्यासमोर उभ्याच राहिल्या. "बाई, एक पत्र लिहून देता का? मले काम सोडायचंय." त्यांना सही येत होती, पण शाळेला द्यायचं पत्र कसं लिहायचं ते येत नव्हतं. गुडघे गेले होते. वाफेत उभं राहिलं की दम लागायचा, आणि डॉक्टरनं शेगडीजवळ जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. गावाकडे त्यांची धाकटी बहीण होती, रत्ना, तीही एकटीच. दोघींनी ठरवलं होतं, आता एकत्र राहायचं. "बसून राहीन म्हणते," त्या म्हणाल्या. "आजवर बसलेच नाही मी."

मी म्हटलं, "लिहिते की. पण दिवाळीपर्यंत थांबा ना ताई. वर्ष नुकतंच सुरू झालंय, नवीन माणूस कुठून आणायचं?"

हे मी त्यांच्यासाठी म्हटलं नव्हतं. द्वारकाताई होत्या तोवर माझ्याकडे एकही तक्रार येत नव्हती. तांदळात खडा नाही, पालकांचा आरडाओरडा नाही, तपासणीला आलेले साहेब जेवून खूश होऊन जायचे. दुसऱ्या शाळांमधल्या माझ्या मैत्रिणी याच कामानं जेरीला आलेल्या मी पाहत होते. मला माझी सोय सोडवत नव्हती, एवढंच. त्या "बरं" म्हणाल्या आणि पातेल्याकडे वळल्या.

ऑगस्टमध्ये एका संस्थेचं पत्रक शाळेत आलं. उपनगरांतल्या शाळांच्या स्वयंपाकघरांत उत्तम काम करणाऱ्यांना पुरस्कार द्यायचा होता, शाळेनं नाव सुचवायचं होतं. मी एका बैठकीत तीन पानं लिहिली. सोमवारची दोन मापं लिहिली, रांगेतलं शेवटचं पोर लिहिलं. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. त्यांना विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. उलट वाटत होतं, जाता जाता त्यांना काहीतरी चांगलं मिळेल. जे पत्र त्यांनी मागितलं होतं ते चार ओळींचं होतं. ते लिहायला मला वेळ नव्हता आणि ही तीन पानं मात्र झरझर लिहून झाली.

पुरस्कार मिळाला. अंधेरीच्या एका सभागृहात, शाळेच्या दिवशी, सकाळी अकराला कार्यक्रम होता. द्वारकाताईंनी निळी साडी नेसली होती आणि केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, फोटो... सगळं झाल्यावर निवेदिकेनं त्यांच्यापुढे माइक धरला, "दोन शब्द बोला ना मावशी." त्यांनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पावणेबारा झाले. सरिता एकटी हाय तिथं." सभागृह हसलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, किती ही कामाची निष्ठा! मी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर निष्ठाबिष्ठा काही नव्हती. त्यांना तिथून निघायचं होतं.

त्यानंतरचं सगळं फार पटापट झालं. फाटकावर त्यांचा हात जोडलेला मोठा फोटो लागला, त्याखाली शाळेचं नाव. पालकसभेत सत्कार झाला. संस्थेची माणसं पाहुण्यांना घेऊन येऊ लागली, कधी देणगीदार, कधी दुसऱ्या शाळांतल्या स्वयंपाकिणी. "आमच्या द्वारकाताई," म्हणून मुख्याध्यापक सर त्यांना पुढे करायचे आणि त्या ओले हात पदराला पुसत उभ्या राहायच्या. पाहुणे आले की बसायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या बसत नसत. पूर्वी अकरानंतर दहा मिनिटं त्या पालथ्या पातेल्यावर टेकायच्या. तेवढंही गेलं.

दिवाळी झाली. शाळा उघडली त्या पहिल्याच दिवशी त्या मला काही न विचारता स्वतःच मुख्याध्यापकांकडे गेल्या. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी चहा मागवला, खुर्ची दिली आणि समजावलं, "अहो, इतका मोठा मान मिळाला, आणि लगेच सोडून जाणार? लोक काय म्हणतील? शाळेनं नाव सुचवलं, त्याचं तरी काही वाटू द्या." त्या तशाच शेडमध्ये परत आल्या. मी ताटली घेऊन बसले होते.

"काय म्हणाले सर?"

"चहा पाजला." मग त्या झारा कडेला ठेवून माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, उलट थोडं हसूच होतं. "बाई, तुमी मले बांधून टाकलं."

मी काहीतरी बोलले. असं काय म्हणता ताई, मार्चपर्यंतच तर आहे, वार्षिक परीक्षा झाल्या की मी स्वतः बोलते सरांशी. त्यांनी ऐकून घेतलं. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांना विचारलंही, की काही न सांगता सरळ का नाही निघून जात? तर म्हणाल्या, "कसं जाऊ? पोरं फाटकावरचा फोटो दाखवून आयांना सांगतात, ही आमची मावशी. मिलिंदचा साहेबबी त्याले विचारतो, तुझ्या आईचं नाव पेपरात आलतं ना? मी पळाले तर त्याले तोंड दाखवायला जागा राहील का?"

जानेवारीत त्यांचा दम फार वाढला. शेडच्या पायरीवर चढताना त्या दाराची चौकट धरायच्या. चार दिवस रजा घेतली, तर तिसऱ्या दिवशी शाळेतून फोन गेला, पाहुणे येणार आहेत, तासभर तरी येऊन जा. त्या आल्या. त्या दिवशी मात्र मी घरी जाऊन पत्र लिहिलं. चारच ओळी. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं पेन घेतलं, ओठ आवळून एकेक अक्षर काढत सही केली आणि कागद दोन्ही हातांनी मला दिला. "आता तुमच्यावर हाय." पण पुढच्याच आठवड्यात संस्थेची मोठी मंडळी येणार होती. मी म्हटलं, ती येऊन जाऊ दे, सरांचा मूड बरा असेल तेव्हा देऊ. मी ते पत्र माझ्या कपाटात, परीक्षेच्या गठ्ठ्यांखाली ठेवलं. मंडळी आली, गेली. मग क्रीडादिन आला. मग माझ्या सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन. रोज सव्वाअकराला त्या मला ताटली द्यायच्या आणि पत्राचं काही विचारायच्या नाहीत. मला ते सोयीचंच होतं. आता वाटतं, त्या मला लाज वाटायला वेळ देत होत्या.

शुक्रवारी शेवटचं बोलणं झालं. मटकीची उसळ होती. मी म्हटलं, "झकास झालीय." त्या म्हणाल्या, "तिखट कमी पडलं, खोटं नका बोलू." एवढंच.

शोकसभेत सरांनी भाषण केलं, स्वयंपाकघराला त्यांचं नाव द्यायचं जाहीर केलं आणि "शेवटच्या श्वासापर्यंत सेवा" असे शब्द वापरले. मुलं दोन मिनिटं उभी राहिली. मग सर मला म्हणाले, तुम्ही त्यांना सगळ्यात जवळून ओळखत होता, तुम्हीच लिहा काहीतरी. म्हणून हे लिहिते आहे. सरांना अपेक्षित होतं ते हे नसेल.

जलदानविधीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. दहा बाय दहाची खोली, भिंतीवर बुद्धाची आणि निळ्या कोटातली तसबीर, दोन्हींना ताजे हार. विधी आटोपून माणसं पांगली होती. मिलिंद पाणी घेऊन आला आणि कोपऱ्यात बसलेल्या बाईंना म्हणाला, "मावशी, या शाळेतल्या बाई." त्या रत्नाताई होत्या. द्वारकाताईंसारखाच चेहरा, फक्त अंगानं अगदी लहानशा. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. माझा हात हातात धरला आणि म्हणाल्या, "तुमचं नाव लय घ्यायची ती. फोनवर म्हणायची, बाईनं पत्र लिहून देल्लं, आता येतेच." मग त्यांनी विचारलं, "देल्लं होतं का हो ते शाळेत?"

काहीही सांगता आलं असतं. हो म्हटलं असतं, तर त्या माउलीला बरं वाटलं असतं, मलाही. मिलिंद दारात उभा राहून ऐकत होता.

मी म्हटलं, "नाही. माझ्याकडेच राहिलं."

रत्नाताईंनी हात सोडला नाही. रागावतील, रडतील, असं वाटत होतं. त्यांनी कमरेची पिशवी सोडून फोन काढला, मिलिंदकडून त्यात एक फोटो उघडून घेतला आणि माझ्यापुढे धरला. गावाकडचं घर. नवीन बांधलेला सिमेंटचा ओटा, त्यावर शेगडी, बाजूला खिडकी, बाहेर तुरीचं शेत.

"दिवाळीच्या आधी बांधला," त्या म्हणाल्या. "ती उंच. वाकून वाकून तिची कंबर गेल्ती, म्हणून गवंड्याले तिच्या मापानं सांगितला. तिनंच फोनवर माप देल्लं, बेंबीपासून चार बोटं खाली."

मी फोटो बघत होते. ओट्यापुढे जमिनीवर लाकडाचा एक जाड पाट ठेवलेला होता. तो कशाला, असं मी विचारलं.

"ओटा मले उंच पडते ना," रत्नाताई म्हणाल्या. "मी पाटावर चढून रांधते."