लाजेचे मार्क

घरात एखादं लेकरू जगायेगळं असलं की किस्से शोधत फिरावं लागत न्हाई. लोकंच दारात आणून टाकतात, शिळ्या भाकरीवानी. आमच्या दारात नऊ वर्षांपासून ढीग लागलाय, कारण माझा भाऊ साम्या नऊ वर्षाचा हाय.

साम्याला ऑटिझम हाय. बोलत न्हाई, हात हालवतो, पंख्याकडं तासभर बघत बसतो. गल्ली त्याला येडा म्हणती. गल्लीतली अर्धी माणसं दिवसभर मोबाईलकडं बघत बसतात, त्यांना कोणी काय म्हणत न्हाई. मी नववीतून शाळा सोडली. शाळेचं म्हणणं, तिनं मला सोडलं. म्हणून दर गुरुवारी साम्याला बीडातल्या सेंटरला आई आन मी नेतो. तिथं औंदा नवीनच काम निघालं. पुण्याहून एक मॅडम आल्या. पोरं तपासायला न्हाई, आईबापाला पोराची लाज किती वाटती ते मोजायला.

ताप मोजायला थर्मामीटर, तसा लाज मोजायला कागद. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला पाच चौकोन: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. एकात टिक करायची. शेवटी सगळ्याची बेरीज, ती तुमची लाज.

*

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, सगळं गुप्त ऱ्हाईल, कागदावर नाव बी टाकायचं न्हाई. आमाला लई भारी वाटलं. मंग शनिवारी त्या घरोघरी निघाल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान हाय. तिथं सात-आठ गिऱ्हाइकांसमोर उभ्या ऱ्हाऊन त्यांनी गोड आवाजात विचारलं, "ऑटिझमवाल्या मुलाचं घर कुठलं?"

दुकानदाराला ऑटिझम कळंना. मॅडमनी हातवारे करून समजावून सांगितलं. त्यो म्हणला, "मंग येड्याचं घर म्हणा की."

मी तिथंच बिस्कीट घेत व्हते. सेंटरच्या गर्दीत मॅडमनी मला अजून हेरलं नव्हतं. म्हणलं, चला मॅडम, मी दावते. आन नेऊन सोडलं शेजारच्या काकूच्या दारात. हीच काकू साम्या दिसला की आपलं पोरगं आत ओढायची, लागणीचा रोग असल्यावानी. काकूचा रोहित अकरावी सायन्सला हाय. क्लास, चष्मा, समदं हाय.

मॅडमनी विचारलं, मुलगा नजरेला नजर देतो का? काकू म्हणली, कुठं देतो, सारखी मान मोबाईलमंदी. हाक मारली तर ओ देतो का? दहा हाका मारल्यावर एक. पाहुण्यांत मिसळतो का? दार लावून बसतो. काकूला वाटलं सरकारी सर्वे हाय, तिनं मन मोकळं करून घेतलं. अर्ध्या तासानं मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला आन म्हणल्या, "ताई, तुम्ही एकट्या नाही. गुरुवारी रोहितला घेऊन सेंटरला या."

काकू आता साम्याला बघून दार लावीत न्हाई. माझं तोंड दिसलं की लावती.

*

कडा गावाहून एक गुरुजी पोराला घेऊन सेंटरला यायचे. कडक इस्त्री, खिशाला दोन पेन. त्यांनी पाच मिनिटांत कागद भरून दिला. मुलाला लोकांत नेताना संकोच वाटतो का? कधीच नाही. मुलाबद्दल बोलायचं टाळता का? कधीच नाही. सगळ्या टिका एका रेषेत, पट्टी धरून मारल्यावानी.

मॅडम खूष झाल्या. समाजाला तुमच्यासारखे पालक पाहिजेत म्हणल्या, आन मुलाला भेटता येईल का, विचारलं.

गुरुजी म्हणले, गाडीत हाय.

मॅडम म्हणल्या, मग वर आणा ना.

गुरुजींनी जिन्याकडं बघितलं, खिडकीतून खाली रस्त्याकडं बघितलं. "आत्ता नको मॅडम. शाळा सुटायची वेळ हाय. आमच्या ओळखीचे लोकं जातात इथून."

मी खाली जाऊन बघितलं. गाडीच्या काळ्या काचा वरपर्यंत लावलेल्या. आतून त्या पोरानं काचेवर बोटानं लई सुंदर गोल काढले व्हते, एकात एक. मी बाहेरून जीभ काढून दावली. त्यानं बी काढली. बापापेक्षा पोरगं मिळूनमिसळून ऱ्हाणारं व्हतं.

*

सेंटरला येणाऱ्या सगळ्यांनी एकदा तरी दवाखान्यातून अपंगत्वाच्या टक्क्याचा दाखला काढलेला हाय. टक्के कमी निघाले की दाखला कामाचा न्हाई, परत चकरा मारा. त्यामुळं लाजेचा कागद बी तसलाच, असं सगळ्यांनी धरून चालवलं. सलीमचाचा गॅरेजवाले, त्यांची झोया साम्याएवढीच हाय. चाचांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "बेटा, इसमें पास होने को कितने नंबर लगते?"

आता मला असं विचारल्यावर मी सोडती का. म्हणलं, चाचा, जितकी जास्त लाज तितके जास्त मार्क. 'नेहमी'ला पाच, 'कधीच नाही'ला एक. नापासवाल्यांना परत लिहायला बसवणार हायेत.

चाचांना तर पहिल्या खेपेला लई कमी पडले व्हते. ते झोयाला खांद्यावर बसवून बाजारात फिरवतात, त्यांना कुठून पडायचे जास्त. चाचांनी ही खबर सगळ्या पालकांना वाटली.

पंधरा दिवसांनी मॅडमनी खात्री करायला तोच कागद सगळ्यांकडून परत भरून घेतला. समदा हॉल 'नेहमी'. गुरुजींनी बी पट्टी सरकवून 'नेहमी'वर धरलेली. 'मुलाचा अभिमान वाटतो का' ह्याला बी 'नेहमी' आन 'मुलामुळे मान खाली जाते का' ह्याला बी 'नेहमी'. मॅडम चष्मा काढून कागदं बघत बसल्या. मला विचारलं, पंधरा दिवसांत बीडात असं झालं तरी काय?

मी म्हणलं, "काय न्हाई मॅडम. सगळ्यांनी रिव्हिजन केली."

*

आईला मी त्यातलं काय सांगितलं न्हाई. तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, लग्न जमवायचं चालू व्हतं. आधीचं एक ठिकाण जमत आलतं. त्या पाहुण्यांनी साम्याला बघितलं, घराण्यात हाय का हे विचारलं आन अर्धा चहा ठेवून गेले. तवापासून मामाचा कायदा, पाहुणे येणार म्हणलं की साम्या घरात दिसायचा न्हाई. आन आता गेवराईचं हे पोरगं ताईला लई आवडलं व्हतं. दोघं फोनवर बोलायचे. ताई हसती हे आमाला त्या फोनमुळं कळलं. हे मोडलं असतं तर ती परत कोणापुढं बसली नसती.

आईचा कागद घरीच भरायला मी बसले. मी वाचायचं, तिनं सांगायचं, मी टिक करायची. "पाहुणे आल्यावर मुलाला दुसरीकडे पाठवता का?"

आई म्हणली, कधीच न्हाई.

रविवारी पाहुणे यायचे व्हते. साम्याची पिशवी आदल्या दिवशीच भरून खिळ्याला टांगलेली. मी पिशवीकडं बघितलं.

आई म्हणली, "कागदावर तरी त्याला घरी ऱ्हाऊ दे की."

मी टिक केली.

*

रविवारी मामानं मला आन साम्याला रिक्षात घालून पालीच्या धरणावर पाठवलं. फोन करूस्तर यायचं न्हाई म्हणला.

धरणावर एक जीप उभी व्हती. काठाला सतरा-अठरा वर्षाचं पोरगं नवा शर्ट घालून बसलेलं. कानावर हात, मागं-पुढं डुलायचं. बाजूला ड्रायव्हर शेंगा खात व्हता. साम्या कधीच कोणाजवळ जात न्हाई. त्या पोराजवळ गेला, दोन हात अंतर सोडून बसला आन पाण्यात खडे टाकायला लागला. त्या पोरानं कानावरचा एक हात काढला आन त्यानं बी एक खडा टाकला.

मी ड्रायव्हरला विचारलं, कुठली गाडी?

"गेवराईची. पोरगी बघायला आलेत बीडात. ह्यो नवरदेवाचा धाकटा भाऊ. घरी सांभाळायला कोणी न्हाई, आन सुपारी फुटूस्तर तिथं दावायचा न्हाई म्हणले."

पोरीचं घर कुठं, विचारलं. त्यानं सांगितली ती आमची गल्ली.

"मी पोरीची बहीण," मी म्हणलं. "घरून फोन आलाय. दोघाला बी घेऊन या म्हणले."

"दोघाला?"

"दोघाला."

आमी घरात शिरलो तवा पोहे चालू व्हते. मामाचा चमचा तोंडापाशी थांबला. नवरदेवाचा बाप उठला आन परत बसला. नवरदेव ताईकडं बघायला लागला, ताई नवरदेवाकडं. ह्यो कोण, त्यो कोण, कोणीच विचारलं न्हाई. दोघं पोरं सतरंजीवर टेकली. ताईनं दोघांपुढं पोहे ठेवले. दोघांनी बी हिरवं बघितलं आन प्लेट लांब सरकवली.

नवरदेवाच्या आईनं पदर खोचला. पोराची प्लेट मांडीवर घेतली आन पोह्यातली कोथिंबीर एक एक पान येचायला लागली. आई आतून आली. तिच्याजवळ बसली, साम्याची प्लेट घेतली. दोघी माना खाली घालून येचत व्हत्या.

मंग आई म्हणली, "मोहरी बी काढावी लागती का तुमच्याला?"