इंजिनावरची रेघ

कुठलीही मोटरसायकल दारात आली की मिस्त्री आधी हात वर करून गिऱ्हाइकाला गप्प करायचे. मग एका लांबलचक स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ स्वतःच्या कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक बिचारं सांगत असायचं, चढाला ओढत नाही, धूर मारते, परवा मेव्हण्यानं नेली होती. मिस्त्री डोळे न उघडताच म्हणायचे, "तू थांब. आदी तिला बोलू दे."

तुमच्याही गावात असा एखादा असणार. गाडीशी नीट बोलणारा आणि माणसाशी तोडून बोलणारा. आमचे मिस्त्री त्यातलेच, फक्त जरा जास्त.

कुपवाडच्या एमआयडीसीच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज आणि त्याला लागून माझं रेडियमचं दुकान. म्हणजे नंबरप्लेटा, स्टिकरं आणि मागच्या मडगार्डवर 'आईची पुण्याई'. मिस्त्रींना माझा धंदा मुळीच मान्य नव्हता. "गाडीवर लिवून गाडी पळती व्हय रं, पेंटर?" असं ते महिन्यातून एकदा तरी विचारायचे. मी म्हणायचो, "तुमच्या हातनं पळत न्हाईत म्हणूनच लोक देवाचं नाव लावून घ्याय येत्यात." मग दहा मिनिटांनी त्यांच्याकडून माझ्यासाठी चहा यायचा. आमची मैत्री ही अशी होती.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी नारळाच्या टेम्पोतून त्यांच्या दारात एक सांगाडा उतरला. वाकडी फ्रेम, मागचं एकच चाक, टाकीला कोपरभर पोचा, आणि सगळ्यावर नारळाच्या शेंड्या. मी म्हटलं, "मिस्त्री, हे भंगार घेतलंय का द्यायचंय?" एरवी त्यांनी उलट टोला हाणला असता. त्या दिवशी त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि एकेक शेंडी वेचून काढत बसले.

"ही कंपनीची गाडी हाय," ते म्हणाले.

सगळ्याच गाड्या कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या असतात, असं मी म्हणालो.

"दुकानात मिळती ती न्हवं. रेससाठी कंपनी सोता हातानं बनवायची, दोन-चारच. सीझन संपला की तोडून टाकायची. ही तेवडी तुटायची राहिली."

मिस्त्री तरुणपणी दक्षिणेतल्या एका कंपनीच्या रेसच्या टीममध्ये मेकॅनिक होते, हे मी ऐकून होतो. गॅरेजवाल्यांच्या बढायांना मी फारशी किंमत देत नाही, म्हणून तेही सोडून दिलं होतं. पण ते खरं निघालं. या गाडीवर बसायचे ते इस्लामपूरचे विलासराव. घरचा ऊस, आणि उसाच्या सरी-वरंब्यावरून गाडी उडवतच ते शिकलेले. मातीच्या ट्रॅकवर त्यांना मागं टाकणारा या बाजूला कुणी नव्हता म्हणतात. साताऱ्याच्या माळावरच्या एका शर्यतीत उंचवट्यावरून उडी घेतल्यावर ते पडले आणि गाडी त्यांच्या पाठीवर पडली. तेव्हापासून कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. कंपनीनं त्याच दिवशी गाडी उचलून नेली. ती गोदामात पडली, मग भंगारात गेली, आणि इतक्या वर्षांनी एका जुन्या सोबत्यानं फ्रेमवरचा नंबर ओळखून मिस्त्रींना फोन केला.

मिस्त्रींनी ती उभी करायला घेतली. जॅक लावून, तापवून, दोरी धरून फ्रेम सरळ केली. स्पोक स्वतः विणले. पुढचं मडगार्ड कुठंच मिळेना, तर पाण्याचं निळं बॅरल कापून, गरम करून त्याला वळण दिलं. गिऱ्हाईकं दारात ताटकळायची आणि हे बॅरलच्या तुकड्यावर हात फिरवत बसायचे.

रंगाच्या वेळी मात्र ते माझ्याकडं आले. स्टिकर चालणार नाही, टाकीवरचा नंबर ब्रशनंच काढायचा. माझे वडील हातानं बोर्ड रंगवायचे, मी मशीनवाला. कित्येक वर्षांनी ब्रश धरला. त्यात लाल रंग काही जमेना. पहिला लाल बघून मिस्त्री म्हणाले, "ह्यो लिपस्टिकचा हाय." दुसरा बघून म्हणाले, "ह्यो गॅसच्या टाकीचा." तिसऱ्या वेळी मी चिडून घरातून ब्याडगी मिरचीची पूड आणली आणि तिच्या शेजारी डबा ठेवून रंग मिसळला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "व्हय. ह्योच." एवढं कौतुक त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

सगळं होत आलं, पण इंजिनाला हात लागेना. विचारलं की उत्तर ठरलेलं, "हुंदे की रं, आदी बाकीचं." मला वाटायचं, माणूस चोखंदळ आहे. बाकीचं संपलं तरी ते फुटरेस्टचं रबर बदलत बसले, तेव्हा मी सरळ विचारलं, "मिस्त्री, इंजिनाला भ्यालाय काय तुमी?"

त्यांनी हातातलं रबर खाली ठेवलं. मग जे सांगितलं ते त्यांनी घरातही कधी सांगितलं नव्हतं.

तसल्या इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून द्यावं लागतं. नाही मिसळलं तर पिस्टन आत जाम होतो, आणि चाक जागच्या जागी धरतं. त्या दिवशी साताऱ्यात शर्यत अचानक लवकर लावली. मिस्त्री पेट्रोलच्या कॅनमध्ये ऑईल ओतायच्या बेतात होते, तेवढ्यात कुणी चेनसाठी हाक मारली. परत आले, आणि घाईत कॅन टाकीत रिकामा केला. "ऑईलचा डबा हातात हुता, येवडं आटवतंय," ते म्हणाले. "वतल्याचं आटवत न्हाई." उडीच्या वेळी हवेतच इंजिन जाम झालं. कंपनीनं लिहिलं, चालवणाऱ्याची चूक. मिस्त्री नोकरी सोडून कुपवाडला आले.

"विलासराव काय म्हणतात?" मी विचारलं.

"कायबी न्हाई. आजवर इचारलं न्हाई त्यानं."

दर ईदला मिस्त्री शीरखुर्म्याचा डबा घेऊन इस्लामपूरला जायचे. दर दिवाळीला तिकडून फराळ यायचा. ऊस, पाऊस, कारखाना, पोरांची लग्नं, सगळं बोलून व्हायचं. तो दिवस सोडून.

आता इंजिनाचा सिलिंडर आणि पिस्टन कंपनीनं तेव्हाच काढून घेतलेले, त्यांचा पत्ता नाही. उरलं होतं फक्त खालचं घर, गॅरेजात त्याला चेंबर म्हणतात. दोन फाका, काळ्या मळानं माखलेल्या. त्यातली एक त्यांनी माझ्या हातात दिली. एवढं मोठं धूड आणि वजन काहीच नाही. सिलिंडर बसतो त्या तोंडाशी, मळाच्या आत केसाएवढी एक रेघ दिसत होती.

"तडा आसंल तर तितनं हवा वढली," मिस्त्री म्हणाले. "हवा शिरली की ऑईल आसूनबी पिस्टन धरतो. मग कंपनीच्या ओतकामाची चूक. आन नुसता वरखडा आसला…" त्यांनी फाक माझ्या हातातून घेतली आणि फडक्यात गुंडाळली.

"मग पुसून बघा की."

"बगू."

रॉकेलचा बोळा फिरवायचा, दोन मिनिटांचं काम. पण ते फडकं उघडायचे, रेघ बघायचे आणि परत गुंडाळून ठेवायचे. असे कित्येक आठवडे गेले. मला राग यायचा. आज वाटतं, निकाल लागत नाही तोवर निम्मा माणूस तरी निर्दोष असतो, ते निम्मं त्यांना सोडवत नव्हतं. शेवटी एक दिवस तेच म्हणाले, "त्येच्यासमोरच पुसायचं. खंडेनवमीला आणतो त्याला."

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. मिस्त्री मुसलमान, पण पान्याला कसली जात. आमच्या मागच्या बाजूला अण्णाप्पाचं प्लेटिंगचं दुकान. दर नवमीला सकाळी तो मिस्त्रींचे पाने बादलीत भरून न्यायचा, आपल्या ॲसिडच्या टाकीत बुचकळून काढायचा, धुवायचा आणि चांदीसारखे करून आणायचा. मग हळदीकुंकू, झेंडू, आणि मिस्त्रींकडून सगळ्यांना पेढे.

त्या नवमीला मिस्त्री पहाटेच इस्लामपूरला गेले. अण्णाप्पा नेहमीसारखा आला. पाने घेताना त्याला टेबलावरचं फडक्यातलं गाठोडं दिसलं. मिस्त्री ज्याला जिवापाड जपतात ते आजच्या दिवशी काळंकुट्ट राहायला नको, असं त्याला वाटलं. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपल्यालाही तेच वाटलं असतं.

मी दुकानाला तोरण बांधत होतो. अण्णाप्पा परातीत काहीतरी घेऊन आला. "ॲल्युमिनियम म्हणून एक बुचकळी दिली वो," तो म्हणाला. "दूध उतू जावं तसा फेस आला. चिमट्यानं काढतोय तवर निम्मं गेलं."

परातीत दोन करड्या फाका होत्या. कडा पापडासारख्या पातळ झालेल्या, जागोजाग भोकं. तो परात टेबलावर ठेवतोय तोच दारात गाडी थांबली.

विलासरावांना मी पहिल्यांदाच बघत होतो. पुढच्या सीटवर बसलेला रुंद खांद्यांचा माणूस. पुतण्यानं त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. झेंडूचा हार घातलेली लाल गाडी समोरच उभी होती. ते खुर्ची ढकलत जवळ गेले आणि टाकीवर हात ठेवला. "त्योच लाल, मिस्त्री," ते म्हणाले. मिस्त्री हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. "थांब. तुला खरं येगळंच दावायचंय," म्हणाले आणि आत गेले.

आम्ही बाहेर उभे होतो. मिस्त्री बाहेर आले ते दोन्ही हातांत त्या फाका घेऊन. जिथं रेघ होती तिथं आता धातूच नव्हता.

अण्णाप्पा रडायला लागला. मिस्त्री त्याला म्हणाले, "मॅग्नेशियम हुतं ते, आण्णा. वजन कमी पडावं म्हणून कंपनी घालायची. तुला कसं कळणार? जा, पूजा कर." मग विलासरावांसमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. कॅन, हाक, ऑईलचा डबा, ती रेघ. एकही शब्द गाळला नाही.

मला वाटलं, आता विलासराव म्हणतील, जाऊ दे. आपल्याकडं माणसं तसंच म्हणतात. नशिबावर घालतात, खांद्यावर हात ठेवतात आणि चहा सांगतात. विलासराव गाडीच्या चाकाकडं बघत होते.

"मी इचारलं न्हाई ते इसरलो म्हणून न्हवं," ते म्हणाले. "तू कवातरी सोताहून सांगशील म्हणून थांबलो हुतो." मग हळूच म्हणाले, "आता मी कुणाला धरू, मिस्त्री? तुला का कंपनीला?"

"मला धर."

"तसं धरता येत न्हाई."

ते पूजेला थांबले नाहीत. मिस्त्रींनी पेढ्यांचा पुडा पुतण्याच्या हातात दिला, त्यानं तो घेतला. मला विलासरावांचा फार राग आला. दोन शब्द खोटे बोलले असते तर काय बिघडलं असतं, असं वाटलं. पण मग त्यांच्या त्या खुर्चीचा विचार आला, आणि राग कुणावर काढावा ते मलाही कळेना.

इंजिनाचं घर नवीन करून घेता आलं असतं. मी तसं म्हणालोही. मिस्त्री म्हणाले, "करता यील की. पर ते काय सांगणार?" गाडी तशीच राहिली. लाल, चकचकीत, मधे पोकळ. त्या दिवाळीला फराळ आला नाही. गिऱ्हाईकं यायची, काम व्हायचं, पण बोलणं कमी झालं. माझ्या स्टिकरांनाही ते नावं ठेवेनात, तेव्हा मी खरा घाबरलो.

ईदला त्यांनी डबा भरून आणला आणि टेबलावर ठेवला. बाहेर जायचा शर्ट घातलेला होता, चपला घातलेल्या होत्या. दुपारपर्यंत तसेच बसून राहिले. मग मला हाक मारली. "पेंटर, तू खा ह्ये." मी खाल्लं. शेवया फुगून गोळा झाल्या होत्या. ते समोर बसून मी खातोय ते बघत होते.

पुढच्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन मिस्त्री गेले. दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा थांबले नाहीत. मुलगी कोयनानगरहून आली. इस्लामपूरला फोन कुणी करायचा, यावर कुणी बोलेना, म्हणून मी केला.

विलासराव आले. कब्रस्तानात वाट खडकाळ, खुर्ची आत जाईना. ते गाडीतच बसून राहिले, काच खाली करून. आम्ही एकेकानं माती दिली. अण्णाप्पानं दिली, मी दिली. मग मला वाटलं, त्यांच्याही हातची पडावी. मी मूठभर माती घेऊन रस्त्यावर आलो आणि म्हणालो, "हात लावा नुसता, मी नेऊन टाकतो."

त्यांनी हात लावला नाही. ओंजळ पुढं केली आणि सगळी माती स्वतःच्या हातात घेतली. तिच्याकडं बघत बसले. आत फातिहाची प्रार्थना झाली, माणसं बाहेर पडायला लागली, चपला शोधायला लागली.

"द्या," मी म्हणालो. "आता बुजवून व्हईल."

"न्हाई," ते म्हणाले. "आजून न्हाई."

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान खाली घातली. त्यानं गाडी सुरू केली. इस्लामपूरच्या रस्त्याला वळेपर्यंत त्यांचा हात काचेबाहेर होता आणि मूठ मिटलेली होती.