पडून पाहा बिनधास्त

गादी विकायची असेल तर गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवायची, हे चंपतरावांनी उत्तराला पहिल्याच दिवशी शिकवलं. उत्तरा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मनीषनगरमधल्या या गाद्यांच्या दुकानात कामाला लागली होती. तिला वाटलं होतं, फोम, स्प्रिंग, वॉरंटी अशी पोपटपंची करावी लागेल. चंपतराव त्यातलं काही करत नसत. गादीच्या पायथ्याशी प्लास्टिकचा तुकडा अंथरायचे आणि म्हणायचे, "पडून पाहा बिनधास्त. कोणी पाहून नाही राहिलं." मग खरोखरच पाठ करून काचेबाहेरच्या उन्हाकडे बघत उभे राहायचे.

बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. आत एसीची बारीक घरघर, रांगेनं पांढऱ्या गाद्या आणि त्यांच्यावर तरंगणारी माणसं. उभा माणूस किती तोऱ्यात असतो, ते तो आडवा झाल्यावरच कळतं. फोनवर कुणालातरी झापत आत आलेला एक जाडजूड गृहस्थ पडल्याबरोबर गप्प झाला आणि पायाचे अंगठे हलवत राहिला. नवीन लग्न झालेलं एक जोडपं मध्ये हातभर जागा सोडून काठीसारखं ताठ पडलं होतं. चंपतरावांनी पाठ फिरवली आणि ती जागा कुठे गेली कोण जाणे. उत्तराला दुपारभर वाटत राहायचं, आपण दुकानात नाहीच, एखाद्या तळ्याकाठी बसलोय आणि लोक एकेक करून पाण्यात उतरताहेत. काही तर पार तळाशी जायचे. घोरायचे.

चंपतराव स्वतः मात्र कधी गादीला टेकले नाहीत. साठी उलटलेली, एक गुडघा धरलेला, तरी दिवसभर उभे.

"काका, एकदा पडून तर पाहा," उत्तरा छेडायची.

"नको वं माय. इथं पडलो तं मंग घरच्या बाजेवर झोप नाही येणार मले."

या झोपणाऱ्यांवर मालकांचा फार राग. संजीवभाऊ माणूस वाईट नव्हते, पण धंदेवाईक होते. "हे दुकान आहे का धरमशाळा? झोपलेलं माणूस पाहून दुसरं गिऱ्हाईक दारातूनच परत जाते. आता कोणी झोपलेलं दिसलं, तं तुम्ही कळमन्याच्या गोदामात, चंपतराव." गोदाम म्हणजे टिनाचं छप्पर आणि दिवसभर गाद्या उचलून गाडीत चढवणं. त्या गुडघ्यानं ते कसं व्हायचं, हे उत्तराला कळत होतं. चंपतरावांना तर कळतच होतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात भागीरथाबाई आली. लेकीच्या आंदणात द्यायला गादी हवी होती. नवरा-बायको पहाटेची एसटी धरून गावाहून आलेले, लकडगंज-इतवारीचे बाजार पायी तुडवलेले. बाईनं छातीशी बांगड्यांची पिशवी घट्ट धरलेली. "मी नाही पडत बाई दुकानात," ती लाजली. चंपतरावांनी प्लास्टिक अंथरलं, आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं आणि पाठ फिरवली.

पुढच्या क्षणी भागीरथाबाई झोपली होती.

नवरा ओशाळला. "उठ वं, दुकान हाय हे!"

"राहू द्या ना भाऊ," चंपतराव हळूच म्हणाले आणि त्या कोपऱ्यातला दिवा त्यांनी बंद केला.

मालक जेवून यायची वेळ झाली होती. उत्तरानं घड्याळाकडे पाहिलं. "काका, मी उठवते त्यांना."

"तुले जमत असन तं उठव. मले नाही जमत."

उत्तरा जवळ गेली. बाईच्या हातातली पिशवी सैल होऊन बाजूला कलंडली होती. भेगाळलेल्या टाचा प्लास्टिकवर आणि चेहरा एखाद्या शाळकरी मुलीचा. उत्तरानं पुढे केलेला हात मागे घेतला. तिला रडूच आलं एकदम. कशाचं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

संजीवभाऊ आले तेव्हाही बाई झोपलेलीच होती. दाराच्या आवाजानं ती दचकून उठली, पदर सावरत म्हणाली, "दुपारची मी कधीच नाही झोपत जी." मग गादीवरून हात फिरवून नवऱ्याला म्हणाली, "हेच घ्या. पोरीले हेच पाहिजे."

गादी विकली गेली. पण संजीवभाऊंनी गाडी लावताना एक जोडपं काचेतून डोकावून परत जाताना पाहिलं होतं, आणि दिलेला शब्द मागे घेणाऱ्यांतले ते नव्हते. "सोमवारपासून गोदामात," एवढंच ते म्हणाले. चंपतरावांनी मान हलवली आणि चुरगळलेली चादर ताणून सारखी केली.

रविवारच्या दुपारी मालक जेवायला गेल्यावर उत्तरानं भागीरथाबाईच्या त्याच कोपऱ्यातल्या गादीच्या पायथ्याशी प्लास्टिक अंथरलं.

"गिऱ्हाईक तं कोणी नाही," चंपतराव म्हणाले.

"पडून पाहा काका, बिनधास्त," उत्तरा म्हणाली. "कोणी पाहून नाही राहिलं."

आणि तिनं पाठ फिरवली. बराच वेळ ती काचेबाहेर बघत राहिली. मग मागून गादी हलकेच दबल्याचा आवाज, गुडघा वाकवताना निघालेलं "आई गं" आणि मग फक्त एसीची घरघर. ऊन काचेवर थरथरत होतं. एसीच्या घरघरीत हळूहळू दुसरी एक घरघर मिसळली, संथ आणि खोल.

बाहेर संजीवभाऊंची गाडी लागली. उत्तरानं मागे वळून पाहिलं नाही. ती दारापाशी गेली, मालकांसाठी दार अर्धंच उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू या भाऊ," ती म्हणाली. "काका गादी पसंत करून राहिले."