खिशातली घंटी

माधवी माझ्याशी शेवटचं बोलली ती सायकलच्या टायरांबद्दल. हॉस्पिटलच्या खाटेवरून म्हणाली, "हवा भरून ठेव, नाहीतर बसतील." मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, घरी ये आणि तूच भर... ती आलीच नाही. डेंग्यूनंतर सगळं इतकं भराभर झालं की मला धड घाबरताही आलं नाही. एरवी बायको घराबाहेर पडली की घाबरणं हेच माझं काम. वर्षानुवर्षं मी एक्स्प्रेसवेवरच्या ट्रकांना भीत राहिलो, आणि डास आमच्याच बाल्कनीत होते.

मी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला. आम्ही नोएडात फ्लॅट घेतला तेव्हा भोवती अर्धवट बांधलेले टॉवर आणि रुंद, रिकामे रस्ते. मला ते ओसाड वाटत, तिला मोकळे. परदेशी कंपनीतली नोकरी सांभाळून चाळिशीत तिनं ट्रायथलॉन सुरू केलं. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, सगळं एका दमात. यातलं काहीही मी आयुष्यात हौसेनं केलेलं नाही.

मग तिच्या डोक्यात एरोबारचं खूळ शिरलं. हँडलवर पुढे बसवायच्या दोन दांड्या. कोपरं छोट्या गाद्यांवर टेकवायची, दांड्या धरायच्या आणि वारा लागू नये म्हणून वाकून जायचं. हात मात्र ब्रेकपासून लांब. विकत घेण्याआधी माप हवं म्हणून तिनं स्वयंपाकघरातली दोन लाटणी हँडलला सुतळीनं बांधली आणि हॉलमध्ये मला सीट धरून उभं केलं. लाटणी जवळ आली की तिचा श्वास कोंडायचा, फार लांब गेली की खांदे दुखायचे. संध्याकाळभर सोडबांध चालली.

"लांब दांड्या घेऊ की आखूड?"

"आखूड. ब्रेक हाताशी राहतील. आणि टोकाला घंटी लाव."

"एरोबारवर घंटी? यार, ग्रुप हसेल मला."

"हसू दे. ट्रकवाल्यांना कळेल तरी."

"तुझं चाललं असतं तर मागे सीट धरून धावला असतास," ती म्हणाली. पण आखूड दांड्याच घेतल्या, आणि आमच्या सईच्या लहानपणीच्या सायकलची घंटी माझ्यासमोर टोकाला बसवली.

दर रविवारी पहाटे ती निघायची आणि मी चहा घेऊन बाल्कनीत उभा. खड्डा, कुत्रं, उलट्या दिशेनं येणारा ट्रॅक्टर... सगळं मला तिथूनच दिसायचं. मग खाली गेटवर घंटी वाजायची, आणि मी पटकन आत जाऊन झोपेचं सोंग घ्यायचो. चहा तसाच राहायचा.

तेराव्यानंतर तिच्या ग्रुपमधला अरोरा भेटायला आला. घंटीचा विषय निघाला तसा तो हसला आणि लगेच ओशाळला. "अंकल, घंटी तो दीदी जेब में रखती थीं. बार पर हाथ में अड़ती थी. गेट पर निकालकर बजाती थीं. कहती थीं, अब ये सो जाएँगे."

आधी मला रागच आला. मग ते सगळे रविवार पुन्हा आठवले आणि उलटून गेलेल्या त्या सकाळींची भीती आता नव्यानं वाटू लागली. तिला माझं सोंग माहीत होतं, हे कळायला मला त्याहून जास्त वेळ लागला.

गेल्या रविवारी सईनं आईची सायकल बाहेर काढली. टायरांत हवा होती, ती मी भरत आलो आहे. एरोबारच्या गाद्यांवर माधवीच्या कोपरांचे खळगे तसेच आहेत. सईनं त्यांत कोपरं टेकवून पाहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, काढून टाकू का हे? तुला टेन्शन येतं ना."

हो, काढ, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी आत जाऊन कपाटातल्या माधवीच्या सायकलिंगच्या जर्सीच्या खिशातून घंटी काढून आणली. सईनं ती टोकाला लावायला हात पुढे केला.

"तिथे नको," मी म्हटलं. "खिशात ठेव. गेटपाशी आलीस की वाजव."

ती गेली. मी चहा घेऊन बाल्कनीत उभा राहिलो आणि चहा गार होऊ लागला...