सावलीतले पॅनेल

रविवारी सकाळी सोलर पॅनेल धुवायला गच्चीवर गेले, तर अर्ध्या पॅनेलांवर सावली पडलेली. पलीकडच्या गच्चीवर माझ्या धाकट्या भावाने, सतीशने, नवी खोली चढवली आहे. आमच्या दोन घरांत एकच भिंत. हे पॅनेल बसवताना तोच माझ्याबरोबर दिवसभर उन्हात उभा होता. एका कोपऱ्यावर सावली आली तरी सगळ्या ओळीची वीज घटते, हेही त्यानेच मला समजावलं होतं.

खोलीचं काम सुरू झालं तेव्हा मी म्हटलं, "एका शब्दाने विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, ताई."

अवकाशात पॅनेल उभारून तिथली वीज पृथ्वीवर पाठवायची योजना आहे, असं परवा पेपरात वाचलं. एरवी असं काही वाचलं की माझ्या मनात आधी खर्च येतो, मग दुरुस्तीला कोण जाणार ते. या वेळी वाटलं, तिथे सावली पाडायला शेजारी आपलं माणूस नसेल. ढगाच्या सावलीचा मला कधी राग आला नाही. ढगाने माझ्याबरोबर उभं राहून उन्हाची दिशा पाहिलेली नसते.

"ताई, पाणी सोडू का?" पलीकडून सतीशची हाक आली. नळ त्याच्या गच्चीवर आहे. दर रविवारी तोच सोडतो.

"सोड."

मी सावलीतले पॅनेल आधी धुवायला घेतले. तो कठड्याशी उभा होता, म्हणून जरा जास्तच घासले.