आधी पिशवी खाली ठेवावी

ओआरएसचं पाकीट फोडलं की संत्र्याचा वास येतो, आणि मला मोलगी गावाच्या वर डोंगरातला तो पाडा आठवतो. जुलाबांनी गळालेलं बाळ आईच्या कुशीत कण्हत होतं. रडायलाही डोळ्यांत पाण्याचा टिपूस उरला नव्हता. मी, नवी नर्स, खांद्यावरची पिशवी न उतरवता दारातूनच ओरडत होते, "दवाखान्यात चला, जीप उभी आहे!" बाळाच्या आजीने माझ्यासाठी खाट टाकली, पाण्याचा तांब्या पुढे केला, मी घाईत हातानेच नको म्हटलं. तशी आईने पाठ फिरवली. मी आवाज चढवला, ती आणखी आत सरकली. शेवटी आमचा शहाद्याचा ड्रायव्हर वैतागला, "बठा ना ताई पहिले! उभा माणूसले कोन पोर दी?" मी चरफडत पिशवी खाली ठेवली, खाटेवर बसले, पाणी प्यायले. तेव्हा आई बाहेर आली, तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतःच जीपकडे निघाली. वाटभर ते संत्र्याच्या वासाचं पाणी मी चमच्याचमच्याने पाजलं. मोलगीचा दवाखाना दिसू लागला तेव्हा बाळ रडलं, चांगलं गालावर ओघळ येईपर्यंत रडलं, आणि मीही. अजून कुठल्याही दारात माझी पिशवी आधी उतरते, तोंड मागाहून उघडतं.