झांजेची गाठ

ईस्टरच्या उपासनेची गाणी निवडायचं काम मंडळीनं माझ्याकडं दिलं, आणि मी ती माझ्या गळ्याला शोभतील अशी निवडली. चाली नव्या, पट्टी उंच. ढोकीच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये माझ्यामागून कुणी गाईना, तेव्हा मला वाटलं, लोक भारावलेत.

बेंबळीहून पाहुणी आलेली एक बाई शेवटच्या सतरंजीवर बसली होती. मांडीवर रुमालात बांधलेली झांजेची जोडी. प्रत्येक गाण्याला ती रुमालाची गाठ सोडायची, दोन ओळी ऐकायची आणि पुन्हा गाठ मारायची. तिला खूश करायला मी आणखी वरचा सूर लावला.

उपासनेनंतर अंगणात चहा घेताना ती मला म्हणाली, "भाऊ, लई ग्वाड गाता तुमी. पर आमची पाळी कवा?"

तिनं कप खाली ठेवला, गाठ सोडली आणि झांज वाजवत एक जुनं भजन धरलं. हातातल्या कपांसकट सगळी मंडळी तिच्याभोवती गाऊ लागली. आत मुकी बसलेली माझी बायकोसुद्धा!

मीही तोंड उघडलं, पण दुसरं कडवं मला येतच नव्हतं. मग सणाचा मुख्य गायक गपगुमान टाळ्या वाजवत उभा राहिला.